मिळाल्याची सही

समिधाचा तो निबंध मी टाईप केला होता. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी लोकांना नावं ठेवायला लागले की तुम्ही विचारायला नको, बाई, तुम्ही तेव्हा कुठे होतात म्हणून. तिथेच होते. एसीत, खुर्चीवर, दोन्ही हात कीबोर्डवर.

पण गोष्ट बाबाजींची आहे. बाबाजी शिगवण, मंडणगडकडचे. शारजातल्या आमच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ते तेरा वर्षं स्टील फिक्सर होते, म्हणजे स्लॅब भरायच्या आधी सळ्या बांधणारे. उन्हात सळीला हात लावला तर कातडी निघते. हा माणूस सकाळी पाचपासून ते करायचा आणि वर गुणगुणायचा. मग अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमध्ये क्रेनचा पट्टा सटकला आणि सळ्यांचा भारा त्यांच्या उजव्या हातावर आला. जवळच्या क्लिनिकमध्ये कुणीतरी प्लास्टर घातलं. जखम भरली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं लाकडासारखी ताठ राहिली. वाकेचनात. कंपनीने त्यांना ऑफिसच्या पॅन्ट्रीत चहा करायला ठेवलं आणि त्याला 'माणुसकी' असं नाव दिलं.

डाव्या हाताने ते चहा झकास करायचे. अडायचं जेवणापाशी. अंगठा बोटांना टेकत नाही म्हटल्यावर घास होणार कसा? दुपारी सगळे गेले की ते पॅन्ट्रीत भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि डाव्या हाताने खायचे. आत कुणी आलं की हात पाठीमागे. एकदा मी त्यांना चमचा नेऊन दिला.

"चमच्यानं आजारी माणूस खातो, मॅडम," ते म्हणाले. "मी आजारी नाय."

चमचा ड्रॉवरमध्ये गेला तो तिथेच राहिला. त्यांचा लेबर कॅम्प सनायात होता, म्हणजे इंडस्ट्रियल एरियात. खोलीत पेशावरचा जहूर होता, चांगला माणूस. रात्री मोठं ताट मांडायचा आणि सगळ्यांना एकाच ताटात बसवायचा. बाबाजी आधी रोज बसायचे. आता, "त्या ताटात डावा हात घालू का मी? तो काय बोलणार नाय, पण मला कळत नाय का?" असं म्हणून ते बाहेर पायरीवर बसायचे. घरी बायकोला त्यांनी हाताचं कळवलंच नव्हतं. मला एकदाच म्हणाले, "मॅडम, दुसरं काय नको. माणसात बसून उजव्या हाताने जेवता आलं पायजे."

आणि हे होण्यासारखं होतं, म्हणून तर माझा जीव जळतो. दर नोव्हेंबरमध्ये पुण्याचे एक हाताचे सर्जन शारजातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये येत. एक शुक्रवार ते आपल्याकडच्या सात कामगारांची ऑपरेशनं फुकट करत. नावं आमचं मराठी मंडळ देत असे. आदल्या वर्षी बाबाजींचं नाव द्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं. तिथल्या डॉक्टरने बाबाजींचा एक्स-रे बघून सांगितलं होतं, "या नोव्हेंबरला करून घ्या. त्यापुढे गेलात तर आतलं सगळं आखडेल, मग कुणाच्याच हातात काही राहणार नाही." गावी जाऊन करा म्हणणं सोपं असतं. अधू हाताच्या माणसाला सुट्टीवरून कंपनी परत बोलावते होय? त्यामुळे नोव्हेंबर नव्व्याण्णव हा बाबाजींचा नोव्हेंबर होता. पॅन्ट्रीतल्या कॅलेंडरवर ते रोज बघायचे.

त्याच वर्षी जुलैत समिधा आली. ही आमच्या जनरल मॅनेजरची मुलगी. मुरलीधर सर हे जनरल मॅनेजर, आणि मंडळाचे अध्यक्षही तेच. मंडळाची सगळी कागदपत्रं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मीच करायची, फुकट, ऑफिस सुटल्यावर. समिधा वाढली शारजात, चार वर्षं अमेरिकेत कॉलेजला होती, आणि आता तिथेच डॉक्टरीला अर्ज केला होता. त्यांची तऱ्हाच वेगळी. आधी एक मोठा फॉर्म, तो बरा वाटला की प्रत्येक कॉलेज आपलं दुसरं पाकीट पाठवतं, आणि त्यात निबंधाचे प्रश्न. सेकंडरी म्हणतात त्याला. इथे पोस्टमन दारी येत नाही, सगळं टपाल कंपनीच्या पोस्ट बॉक्समध्ये, आणि बॉक्सची किल्ली माझ्याकडे. तेरा पाकिटं आली. तेराही मीच फोडली.

प्रश्न काय विचारावेत लोकांनी! तुमच्यावर आलेलं सर्वांत मोठं संकट सांगा. तुम्ही कुठे हरलात ते सांगा. आणि एका कॉलेजचा, समिधाला सर्वांत हवं होतं त्या कॉलेजचा, प्रश्न असा: तुमच्यापेक्षा अगदी वेगळं आयुष्य जगणाऱ्या एका माणसासाठी तुम्ही काय केलंत आणि त्यामुळे काय बदललं? तीनशे शब्द.

तीन दिवस ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर पेन चावत बसली. शाळेत गाडीने, ट्यूशनला गाडीने, खाडीकाठच्या फ्लॅटमधून मॉलला गाडीने. पोरीच्या आयुष्यात काही घडलंच नव्हतं, तिचा काय दोष?

"आंटी, नथिंग हॅज एव्हर हॅपन्ड टू मी," असं म्हणून ती चक्क रडायला लागली.

आणि मी, मोठी शहाणी, म्हणाले, "अगं, आपल्या बाबाजींशी बोल ना." जीभ झडली असती तर बरं.

बोलली ती. खोटं का सांगू, मनापासून बोलली. पॅन्ट्रीत स्टूलवर बसली आणि बाबाजींचा तो हात दोन्ही हातांत घेऊन एकेक बोट वाकवून बघितलं. दीड वर्षात त्या हाताला कुणी असा हात लावला नव्हता. बाबाजी तिला न कळणाऱ्या गावच्या मराठीत सांगत होते, ती इंग्रजीत विचारत होती, मधे मी. भिंतीकडे तोंड करून जेवणं, जहूरचं ताट, सगळं त्यांनी सांगितलं. मला सुद्धा इतकं सलग कधी सांगितलं नव्हतं.

"अंकल, आय प्रॉमिस, वी विल गेट दिस डन," ती उठताना म्हणाली.

"काय म्हणाली?" बाबाजींनी विचारलं.

"म्हणाली, करून देते."

त्या दिवशी बाबाजींनी सगळ्या ऑफिसला न मागता करक, म्हणजे तिथला दाट दुधाचा कडक चहा दिला.

दोन दिवसांनी निबंध माझ्या टेबलावर. सुरुवात फार छान होती, भिंतीकडे तोंड करून जेवणारा माणूस. शेवट वाचला आणि मी उडालेच. समिधाने मंडळाला गाठलं, सर्जन मिळवला, ऑपरेशन झालं, आणि बाबाजींनी तिच्यासमोर उजव्या हाताने पहिला घास उचलला!

"अगं, हे कुठे झालंय? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!"

तिला म्हण कळली नाही. समजावली तर हसली. "आंटी, रिझल्ट विचारलाय त्यांनी. डॉक्टर नोव्हेंबरमध्ये येणारच आहेत ना? इट्स गोइंग टू हॅपन एनीवे. कॉलेजवाले वाचेपर्यंत होऊन पण जाईल."

मला ते पटलं. हो, पटलं! होणारच होतं की. इतकंच नाही, तिने शेवटी 'तो रडला' असं लिहिलं होतं, तर मीच म्हणाले, "रडला नको, घास उचलताना हात थरथरला असं लिही. जास्त खरं वाटतं." तिने ते लिहिलं, आणि मला म्हणाली, आंटी, यू आर सो गुड ॲट दिस. मी घरी जाऊन विघ्नेशला, माझ्या नवऱ्याला, कौतुकाने ते सांगितलं सुद्धा. मेलं माझं इंग्रजी.

पाकिटात खाली एक ओळ होती. ज्या व्यक्तीसाठी काम केलं तिचं किंवा संस्थेचं पत्र जोडता आलं तर जोडावं, सक्ती नाही. मुरलीधर सर म्हणाले, "लतिका, सक्ती नाही म्हणजेच सक्ती आहे. मंडळाच्या लेटरहेडवर काढ." मी काढलं. मंडळाच्या प्रयत्नांनी आणि कुमारी समिधा हिच्या पुढाकाराने श्री. बाबाजी शिगवण यांच्या उजव्या हातावर यशस्वी शस्त्रक्रिया झाली, हात पूर्ववत आहे, ते आभारी आहेत. खाली बाबाजींची सही, बाजूला अध्यक्षांची. तारीख सहा सप्टेंबर.

पॅन्ट्रीत मी बाबाजींना त्याचं अक्षर न् अक्षर मराठीत सांगितलं. फसवलं नाही. ते हसले.

"म्हंजे मिळाल्याची सही. करतो की."

"बाबाजी, पण मिळालेलं नाही ना अजून."

"मॅडम, हितं कधी आधी मिळालंय? पगार आला नसला तरी शीटवर सही आधी. सुट्टीच्या तिकिटाची सही आधी. बूट, हेल्मेट, सगळं मिळालं म्हणून सही आधी. सही नाय केली तर वस्तू अडकते." त्यांनी पेन डाव्या हातात घेतलं. "आणि पोरीचं कल्याण होतंय. आपलीच पोर."

खरं होतं त्यांचं. महिन्याच्या महिन्याला ती शीट मीच त्यांच्यापुढे धरायची. आधी सही, मग वस्तू, हे त्यांना आम्हीच शिकवलेलं. त्यांनी हळूहळू, वाकड्या अक्षरात, पूर्ण नाव लिहिलं. मी पत्राला आउटवर्ड नंबर दिला आणि एक कॉपी पंच करून मंडळाच्या फाईलला लावली. मला कुणी लाव म्हटलं नव्हतं. सवय.

ऑक्टोबरात त्या कॉलेजचं इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. सरांनी दुबईच्या मीना बझारहून पेढे मागवले. ट्रे फिरवला बाबाजींनीच. समिधा जाऊन इंटरव्ह्यू देऊन आली, आणि निकाल जानेवारीत म्हणून इथेच थांबली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मंडळाची मीटिंग, अल मजाजला सरांच्या घरी. सात जागा, अर्ज एकतीस. बाबाजींचा अर्ज मी सगळ्यांच्या वर ठेवला होता. त्या वर्षी सेक्रेटरी नवा होता, परेश, बँकेतला. सरळ माणूस, पण नियम म्हणजे नियम. कुणाला दोनदा लाभ जाऊ नये म्हणून पठ्ठ्याने दोन वर्षांची फाईल घरी नेऊन वाचली होती. सगळी!

"शिगवणांचं तर झालंय ना?" तो म्हणाला. "हे बघा, सप्टेंबरचं पत्र. यशस्वी शस्त्रक्रिया. अध्यक्षांची सही आहे."

सगळ्यांनी सरांकडे बघितलं. सर चहाच्या कपात बघत होते. एवढंच म्हणायचं होतं त्यांना, की अरे, ते पत्र जरा वेगळ्या कामासाठी होतं. एक वाक्य. पण त्या वाक्याने उद्या अख्ख्या शारजात बोभाटा झाला असता की अध्यक्षांनी खोटं पत्र काढलं, आणि तिकडे अमेरिकेत पोरीचा निकाल लागायचा होता.

"परेश म्हणतोय ते बरोबर आहे," सर म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा."

नाव खोडलं गेलं. मिनिट्स मी लिहीत होते. मी पण मूग गिळून बसले. माझी आणि विघ्नेशची नोकरी त्याच कंपनीत, दोघांचे व्हिसे सरांच्या सहीवर. हे मी कारण म्हणून सांगते आहे की सबब म्हणून, ते मलाच अजून ठरवता आलेलं नाही. जिन्यात सरांनी मला गाठलं. "लतिका, जानेवारीत निकाल लागू दे. मग बाबाजींचं मी स्वतः बघतो, इन्शाल्ला." सर्जन जानेवारीत कुठे असणार, पुण्यात! पण मी मान हलवली.

बाबाजींना सांगायचं काम कुणाचं? माझंच. सांगितलं सगळं. ते स्टूलवर बसले.

"मग ते पत्र खरं नव्हतं, एवढं सांगितलं कुणी तर?"

"समिधाचं ॲडमिशन जाईल, बाबाजी. सरांचं नाव जाईल."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाले, "शुक्रवारी नेता का मला? नाव नाय तर नाय. बघतील तरी."

नेलं. रोल्याहून, आमच्या घराजवळून, मी टॅक्सी केली, सनायातून त्यांना घेतलं. इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मंडळाची सगळी मंडळी, परेश फाईल घेऊन, सर मोबाईलवर, आणि समिधा, गळ्यात 'व्हॉलंटियर' असं कार्ड. आम्हाला बघून ती पटकन पेशंटच्या कागदांत डोकं घालून उभी राहिली.

आणि बघा नशीब कसं थट्टा करतं. सातांतला एक आलाच नाही. कंपनीने शुक्रवारची सुट्टी असूनही त्याला साईटवरून सोडलं नव्हतं. डॉक्टर बाहेर आले, गोल चेहऱ्याचे, घाईतले. "थिएटर तयार आहे, माझा वेळ घालवू नका. दुसरा कोण आहे?" परेश यादी चाळायला लागला, तेवढ्यात डॉक्टरांचीच नजर बाबाजींच्या हातावर गेली. त्यांनी हात उचलला, उलटा केला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघितलं.

"अरे, हा काय! याचं होईल. दीड तासाचं काम. सहा आठवड्यांत हाताने जेवाल, बाबा."

बाबाजींचं तोंड उघडंच राहिलं. मी भिंतीला टेकले.

"डॉक्टर, यांचं ऑपरेशन झालेलं आहे," परेश म्हणाला.

"झालंय? कुठे झालंय? या जुन्या जखमेच्या वणात टाक्याची खूण कुठली ते दाखवा मला."

परेशने फाईल उघडून पत्र पुढे केलं. डॉक्टरांनी चष्मा लावून वाचलं, मग सरांकडे बघितलं. सरांनी मोबाईल कानाला लावला आणि खिडकीकडे वळले. समिधा फरशीकडे बघत होती. तिचे कान लाल झालेले मला दिसत होते. आता बोलेल, मला वाटलं. आता ही बोलेल.

"बाबा, तुम्हीच सांगा," डॉक्टर म्हणाले. "सही तुमची?"

"माझी."

"मग कुणी हात लावला होता का याला आधी? खरं सांगा. आतल्या आत कुणी काही करून ठेवलं असेल आणि त्याचे कागद नसतील, तर मी सुरी लावत नाही. उद्या हातच जायचा."

 बाबाजींनी सरांच्या पाठीकडे बघितलं, समिधाकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. मी पर्सचा पट्टा घट्ट धरून उभी होते.

"झालं होतं, साहेब," ते म्हणाले.

"कुठे? कुठला डॉक्टर?"

"आठवत नाय."

डॉक्टरांनी हात सोडला. "मग कागद घेऊन या, पुढच्या वर्षी बघू," म्हणाले, आणि परेशला म्हणाले, पुढचं नाव सांगा. पुढचं नाव अजमानच्या कुणा सुताराचं होतं. त्याला आत नेलं. सर फोनवर बोलतच होते. पलीकडे कुणी नव्हतं हे मला इतक्या लांबूनही कळत होतं.

पुढचं वर्ष बाबाजींच्या वाट्याला आलंच नाही. मार्चमध्ये पॅन्ट्रीसाठी चहाचं मशीन आलं आणि त्यांचा व्हिसा कॅन्सल झाला. सरांनी त्यांना एक घड्याळ दिलं. समिधाला त्याच कॉलेजात ॲडमिशन मिळाली, ती डॉक्टर झाली, आणि चांगलीच झाली असेल. वाईट नव्हती ती. परेश मला एकदा सहज म्हणाला, त्या शिगवणांचं ऑपरेशन फसलं वाटतं. मी हो म्हणाले. सरांची मी अजून किती वर्षं नोकरी केली ते विचारू नका.

त्या शुक्रवारचं एवढंच राहिलं सांगायचं. परतताना टॅक्सीत मी त्यांच्यावर भडकले. हो, त्यांच्यावर! दुसऱ्या कुणावर भडकायची माझी छाती होती? "वेडे आहात का तुम्ही? डॉक्टर स्वतः विचारत होते! एका शब्दाचं काम होतं! कुणाची भीती होती तुम्हाला? त्या पोरीने शब्द पाळला का तुमचा? तिच्यासाठी स्वतःचा हात घालवलात?"

ते खिडकीबाहेर बघत बसले होते. माझं सगळं ओरडून झालं, मी रडायला लागले, तेव्हा ते वळले. रागावले नव्हते. मला समजावल्यासारखं म्हणाले, "पोरीसाठी नाय, मॅडम. मी जरा थांबलो होतो की. म्हटलं, तुम्ही बोलाल. तुम्ही पण गप राहिलात, तेव्हा समजलो. म्हटलं, बाईचं पण काहीतरी जाणार असंल."